‘अंदर से’चा अर्थ

माझा अपराध सांगू लागलो तर ऐकणाऱ्याला आधी हसू येईल, इतका तो लहान दिसतो. एका माणसाने मला दोन हिंदी शब्दांचा अर्थ विचारला आणि मी तो चुकीचा सांगितला. बरोबर अर्थ मला ठाऊक होता. विचारणारा माझा सख्खा मावसभाऊ होता आणि त्या दिवशीही तो माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन जेवला होता. पुढची सदतीस वर्षे मी स्वतःची समजूत घालत आलो की शब्द मी जसेच्या तसे पोचवले होते, आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो. ही समजूत फार टिकाऊ निघाली. तिच्यावर माझी नोकरी उभी राहिली, संसार झाला, मुले मोठी झाली. पत्नीलाही मी हे कधी सांगितले नाही. सांगावेसे वाटत होते आणि धीर झाला नाही, असेही नव्हते. खरे म्हणजे बहुतेक काळ मला काही वाटतच नव्हते. त्या न वाटण्याचीच आता मला भीती वाटते, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही तेव्हा बोरगाव मेघेत राहत होतो. दोन खोल्या, पुढे टिनाची छपरी, मागे अंगणात हापशी. बाबा गिरणीत हजेरी कारकून होते. गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजे आणि घरातले सगळे त्याच्या तालावर चाले. आई भोंग्यावर कणीक भिजवायला घेई आणि भोंग्यावरच चूल विझवी. बाबा फार कमी बोलत. दिवसभर माणसांची नावे पुकारून त्यांचा आवाज संपत असावा, असे मला लहानपणी वाटे. त्यांचा आवाज मला वारशात मिळाला. शाळेत गुरुजी मला दोनदा उठवून कविता म्हणायला लावत, कारण पहिल्यांदा म्हटलेली मागच्या बाकापर्यंत पोचत नसे.

अशा घरात दिवाकर आला. तो समुद्रपूरच्या मावशीचा मुलगा, माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा. वर्ध्याला कॉलेजात नाव घातल्यामुळे तो आमच्याकडे राहायला आला आणि घराचा आवाज बदलला. तो हापशीवर अंघोळ करताना गात असे. पेपर मोठ्याने वाचून आईला ऐकवत असे आणि मध्ये मध्ये पदरच्या बातम्या घालत असे. आई स्वयंपाक करता करता म्हणे, “काहीच्या काही वाचतं, मेला!” तो म्हणे, “मावशी, हे पाहा ना, छापलं हाय इथं. बोरगावच्या बाईच्या हातचा ठेचा खाऊन मंत्री बेसुद्ध.” बाबा ताटावरून मान न उचलता हसत. बाबांचे हसू मी त्याआधी कितीदा पाहिले होते, हे मला आठवत नाही. आईने भाकरी तव्यावरून उतरवली की पहिली दिवाकरच्या ताटात पडे; तो पाहुणा होता, हे कारण रास्तच होते. दोन वर्षांनी तो पाहुणा राहिला नव्हता, तरी पहिली भाकरी त्याच्याच ताटात पडत होती. आंबाडीची भाजी, कण्या, थंडीत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, सणावाराला गोळाभात आणि त्यावर कडकडीत तेल. तो सगळे सारख्याच आवडीने खाई आणि प्रत्येक वेळी आईला सांगे की असे आपण जन्मात खाल्ले नव्हते. मी आईला असे कधी म्हटले नव्हते. मला वाटे, ते तिला ठाऊक असेल.

गिरणीच्या मागे बरडावर एक गोल्फचे मैदान होते. जुन्या साहेबांनी ते आखले होते. साहेब गेले, मैदान राहिले. मुरमाड जमीन, बाभळी, मधून एक नाला, आणि त्यात नऊ ठिकाणी छिद्रे. गोल्फमध्ये ज्याला ग्रीन म्हणतात, ते छिद्राभोवतीचे मऊ हिरवळीचे गोल आवार, ते आमच्याकडे पाण्याअभावी कधीच नव्हते. त्याजागी जळके तेल मिसळलेली वाळू पसरून दाबलेली असे आणि तिला ‘ब्राऊन’ म्हणत. चेंडू तिच्यावरून गेला की बारीक रेघ उमटे आणि ती पुढच्याने फावड्यासारख्या फळीने पुसायची. वस्तीतले लोक या खेळाला ‘सायबाचा विटी-दांडू’ म्हणत. खेळणारे अधिकारी चारदोनच उरले होते. मैदानाची देखभाल करणारे आणि खेळ शिकवणारे एक निवृत्त हवालदार होते, उत्तरेकडचे, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मैदान ओस पडू नये म्हणून कारकुनांच्या मुलांना सकाळी शिकायला यायची मुभा झाली, आणि बाबांनी आम्हा दोघांची नावे दिली. बाबांनी माझ्यासाठी स्वतःहून केलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक होती. त्यांनी ती दोघांसाठी केली, ही गोष्टही मला तेव्हा खटकली होती.

दिवाकरच्या अंगात बळ होते. वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या तोडत तो मोठा झालेला, त्यामुळे काठी हातात आली की कुऱ्हाडीसारखी खांद्यावरून बाहेरच्या अंगाने यायची आणि चेंडूला आडवी कापत डावीकडे निघून जायची. चेंडू सुरुवातीला सुसाट सरळ जाई. आम्ही पाहत राहत असू. मग हवेतच जणू कोणी हाक मारावी तसा तो उजवीकडे वळे आणि बाभळीत शिरे. माझा चेंडू त्याच्या निम्म्या अंतरावर पडे, पण जिथे पाहिले तिथे पडे. उस्ताद दोघांकडे पाहत आणि म्हणत, “इसका बल और तेरी लाइन, दोनों एक बदन में होते तो बात थी.” दिवाकर हसून म्हणे, “उस्ताद, हम दोनों को जोड़ दो ना वेल्डिंग से.”

तिसऱ्या हिवाळ्यात उस्तादांनी आम्हाला छिद्र नंबर चारच्या बाभळीखाली बसवून एक बातमी सांगितली. घाटावरच्या एका मोठ्या क्लबात त्यांचे फौजेतले जुने साहेब होते. त्या साहेबांना तिथल्या खेळ शिकवणाऱ्याच्या हाताखाली एक तरुण माणूस हवा होता. राहायला खोली, पुढे पक्की नोकरी. संक्रांतीनंतर साहेब स्वतः येऊन आम्हा दोघांचा खेळ बघणार होते आणि एकाला नेणार होते. एकालाच. घरी परतताना दिवाकर माझ्या दोन पावले पुढे चालत होता. नाल्यापाशी आल्यावर म्हणाला, “तिकडं खरंच हिरवं राह्यते का बे बाराही महिने? गवत?”

“राहत असेल.”

“मले पाह्यचं हाय. आपला ब्राऊन पाहून पाहून डोळे तेलकट झाले.” मग थोडे चालून म्हणाला, “घरी चौघं भाऊ हाओत आम्ही. मी नाई गेलो वावरात तं कोनाले फरकबी नाई पडत. पर गेलो तं निघनं होत नाई मग. तुले समजते का मी काय म्हनतो थे?”

मी समजते म्हणालो. मला खरोखरच समजत होते. त्याच वर्षी मी गणितात दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि आमच्याकडे परत जायला वावरही नव्हते. नंतरच्या काळात मी या वाक्याचा फार आधार घेतला. पण त्या सकाळी माझ्या मनात ते नव्हते. माझ्या मनात एवढेच होते की हा गेला तर बाबा त्याच्या पत्रांची वाट पाहतील.

त्यानंतर कापूस वेचणीसाठी दिवाकर चार दिवस समुद्रपूरला गेला, आणि नेमके त्याच दिवसांत उस्तादांचे मुलीच्या लग्नासाठी महिनाभर गावी जायचे ठरले. निघायच्या आदल्या सकाळी ते मैदानावर एक अर्धी वीट घेऊन आले. चेंडू ठेवला, आणि चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, किंचित मागे, ती वीट मांडली. “दिवाकर की बीमारी की दवा है ये,” म्हणाले. “देख. डंडा बाहर से आएगा तो ईंट को लगेगा. हाथ झनझना जाएगा. अंदर से लाना पड़ेगा, अपने बदन के पास से, और गेंद के बाद बाहर को जाने देना. बस. गेंद अपने आप सीधी जाएगी.” त्यांनी मला दहा वेळा मारायला लावले. माझी काठी मुळात फारशी बाहेरून येत नव्हती. दोन फटक्यांत विटेचा अडथळा संपला आणि चेंडूचा आवाजच बदलला. तोपर्यंत ‘टक’ होत होते, आता ‘ठप्प’ झाले, भरलेले. चेंडू नेहमीच्या जागेच्या वीस पावले पुढे पडला. उस्तादांनी वीट माझ्या हातात दिली. “परसों आएगा ना वो? उसको बता देना. अंदर से. महीने भर में ठीक हो जाएगा. फिर साहब को मुश्किल होगी, किसको ले जाए.”

आज मी दिवसाला आठ-दहा जणांना हेच सांगतो. डॉक्टर येतात, बिल्डर येतात, निवृत्त न्यायाधीश येतात, आणि त्यातल्या सात-आठ जणांचा रोग हाच असतो. काठी बाहेरून आत येते, चेंडू कापला जातो आणि उजवीकडे पळतो. मग माणूस त्यावर आपणहून उपाय शोधतो. चेंडू उजवीकडे जातो, तर आपण डावीकडे तोंड करून उभे राहावे. त्याने रोग वाढतो, कारण काठी आणखी आडवी येते. हे मी पहिल्याच दिवशी समजावतो, चेंडूपलीकडे पुठ्ठ्याचे खोके ठेवतो, आणि अर्ध्या तासात त्यांचे चेहरे उजळतात. “इतकं सोपं होतं?” असे ते विचारतात. मी हो म्हणतो. हे वाक्य ऐकून माझ्या आत काही हलायला हवे होते. कित्येक वर्षे हलले नाही.

दिवाकर आला तो पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन. आईने लगेच पातेले चढवले. संध्याकाळी आम्ही छपरीत बसून शेंगा सोलत होतो. आई दारात गहू निवडत होती. त्याने विचारले, “उस्ताद गेले का? काही सांगून गेले का माह्यासाठी?”

वीट माझ्या खाटेखाली होती. मी म्हणालो, “हो. म्हणाले, दिवाकरला सांग, अंदर से मारायचं.”

“अंदर से म्हंजे?”

इथे मी थांबलो होतो. किती वेळ, हे मला सांगता येणार नाही. एक शेंग सोलून होईल इतका. दिवाकर लहानपणापासून जोंधळ्यावरची पाखरे गोफणीने उडवत आला होता. गोफणीचा दोर अंगाजवळून निघून लांब फेकला जातो, तशी काठी आण, एवढे म्हटले असते तर त्याला विटेचीही गरज पडली नसती. हे मला त्याच क्षणी सुचले होते. नंतर सुचले असते तर मी आज वेगळे लिहिले असते.

“अंदर से म्हणजे मनापासून,” मी म्हणालो. “जीव लावून. पोटातून जोर आला पाहिजे, म्हणाले.”

तो शेंग दातात धरून विचार करू लागला. “आनखी जोर? उस्ताद तं म्हनत होते, जोर बहुत हाय म्हून.”

“मला काय माहीत? ते म्हणाले ते सांगितलं.”

“बरोबर हाय त्याईचं,” आई गव्हातून मान वर न करता म्हणाली. “जीव लावल्याबिगर काहीच होत नाई, बाबू.”

“हाव ना, मावशी. तू म्हनतं म्हंजे पक्कं,” दिवाकर म्हणाला आणि त्याने मूठभर सोललेले दाणे माझ्या पुढ्यात ठेवले.

त्यानंतरचा महिना मी त्याच्या शेजारी उभा राहून काढला. आम्ही रोज सकाळी भोंग्याआधी मैदानावर जात होतो. तो जीव लावून मारत होता. दात आवळून, मानेच्या शिरा ताठ करून. जितका जोर वाढे तितका चेंडू अधिक वळे. तळहाताला फोड आले, ते फुटले, आईने हळद भरली. एकदा तो घामाघूम होऊन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “काऊन होऊन राह्यलं बे असं? मी तं पुरा जीव टाकून राह्यलो.” मी म्हणालो, “होईल.” एके दिवशी तो म्हणाला, “डावीकडं तोंड करून मारून पाह्यतो, मंग वळून मधात येईन थे.” मी म्हणालो, “पाहा करून.” मला वाईट वाटत होते का, असे मी आज स्वतःला विचारतो. थंडी आठवते, दव पडलेल्या बाभळीचा वास आठवतो, त्याचा पाठीला चिकटलेला सदरा आठवतो. वाईट वाटल्याचे आठवत नाही. पाय बधिर झाल्यावर त्यावर चिमटा काढावा, तसे ते होते. चिमटा दिसत होता, लागत नव्हता.

साहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, फार न बोलणारे. उस्ताद आदल्याच दिवशी गावाहून परतले होते. प्रत्येकाला दहा चेंडू मारायचे होते. आधी मी मारले. आठ मधोमध गेले. साहेब नुसते मान हलवत होते. मग दिवाकर उभा राहिला. कॉलेजच्या गॅदरिंगला शिवलेला पांढरा सदरा त्याने घातला होता. डावीकडे तोंड करून तो उभा राहिला आणि पहिलाच चेंडू इतक्या जोरात गेला की साहेबांच्या तोंडून “अरे वा” निघाले. मग चेंडू वळला आणि नाल्यापलीकडे दिसेनासा झाला. दुसरा तसाच. उस्ताद पुढे सरकले. “अंदर से, बेटा! अंदर से!” दिवाकरने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, डोळे मिटून श्वास घेतला, आणि आणखी जोरात मारला. बाभळीत. “अरे, अंदर से!” आणखी जोरात. दर वेळी उस्ताद ओरडत होते आणि दर वेळी दिवाकर त्यांचे ऐकत होता. त्याच्याइतके मन लावून कोणी कोणाचे ऐकलेले मी त्यानंतर पाहिले नाही. आठव्या चेंडूला त्याचा तोल गेला आणि तो गुडघ्यावर आला.

साहेब उस्तादांना हळूच म्हणाले, “ताक़त बहुत है. पर सीखता नहीं है.” उस्ताद माझ्याकडे वळले. “तूने बताया था ना इसको? अंदर से?”

“बताया था, उस्ताद.”

मला पुढे काही बोलावे लागले नाही. दिवाकरनेच गुडघ्याची माती झटकत सांगितले, “हां उस्ताद, इसने पहले ही दिन बताया. मेरे से ही नहीं हुआ.”

घरी जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला होता. नाल्यापाशी म्हणाला, “एकाले भेटलं ना? घरातच राह्यलं. बस.” आईने त्या दिवशी पुरण घातले होते, कोणालाही मिळो, घरातल्यालाच मिळणार म्हणून. दिवाकरने आईला सांगितले की ‘सायेबाले’ आधी वाढ, स्वतः उठून तुपाची वाटी पुढे केली, आणि पेपर हातात घेऊन वाचून दाखवले की बोरगावच्या पोट्ट्याची थेट घाटावर नेमणूक, मावशीचा रडून रडून पदर ओला. आई खरोखरच रडू लागली. बाबा हसले. मी चार पोळ्या खाल्ल्या. हे मला लख्ख आठवते, कारण त्या चवदार होत्या.

मी गेलो. तिथे गवत बाराही महिने हिरवे होते. दिवाकरने कॉलेज अर्धवट सोडले आणि तो समुद्रपूरला परतला. काही वर्षे वावरात काढली, मग जवळच्या जिनिंगमध्ये लागला. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या रांगेत तो सव्वीस हंगाम उभा राहिला. आम्ही लग्नकार्यात भेटत असू. तो चारचौघांत माझा हात धरून सांगे, “हा माहा भाऊ. मोठमोठ्या सायबाईले गोल्प शिकवते.” त्याच्या आवाजात दुखरे काही शोधत मी कान देऊन ऐकत असे. तसे काही नसे. हळूहळू तो पूर्वीपेक्षाही मोठ्याने बोलू लागला होता, आणि मी ते आनंदाचे लक्षण समजलो होतो.

या वर्षी पावसाळ्याआधी माझ्याकडे एक तरुण दांपत्य शिकायला आले. नवऱ्याला दोन दिवसांपूर्वी मी पुठ्ठ्याच्या खोक्याचा धडा दिला होता. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली की यांनी मला सांगितले, आतून मारायचे म्हणजे आत्मविश्वासाने मारायचे. नवरा ओशाळून हसला. त्याचा खरोखर गैरसमज झाला होता. मीही हसलो. मग मी खोके ठेवायला वाकलो आणि मला उठता येईना. कमरेत काही भरले नव्हते. ती दोघे मला धरून बाकापर्यंत घेऊन गेली, पाणी दिले. त्या बाकावर बसून मी ठरवले.

रात्रभर रेल्वेने येऊन पुढे समुद्रपूरला एसटीतून उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दिवाकरचे घर रस्त्याला लागूनच. पुढे छपरी, समोर किराण्याचे दुकान, शेजारच्या ओट्यावर एक बाई तूर पाखडत बसलेली. दिवाकरची पत्नी सुनंदावहिनी बाहेर आल्या. “अगं बाई, भाऊजी! फोन नाई, काही नाई!” दिवाकर खुर्चीतून उठला, मला घट्ट धरले आणि कानाशी ओरडला, “एकटाच आला बे? घरवाली नाई आनली?” त्याचे केस पार पांढरे झाले होते. वहिनी चहा ठेवते म्हणाल्या. मी वाट पाहिली, त्या आत जाव्यात म्हणून. त्या आत गेल्या.

मी एसटीत तीन तास वाक्ये जुळवली होती. चांगली, सभ्य वाक्ये होती. “दिवाकर,” मी म्हणालो, “तरुणपणी माझ्याकडून तुझ्यावर एक अन्याय झाला आहे. त्याची कबुली देण्यासाठी मी आलो आहे.”

तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, “हाव ना! औंदा लय तपून राह्यलं. मे महिना खराब.”

मी पुन्हा म्हणालो, “अन्याय.”

“धान? धान नाई पेरत आम्ही. तूर अन् कपाशी.”

वहिनी चहा घेऊन आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, “जोरानं बोला, भाऊजी. त्याईले ऐकू नाई येत. जिनिंगच्या मशिनीनं कान गेले. डॉक्टरनं कानाची मशीन देल्ली, तं म्हनते शिट्ट्या मारते, नाई लावत.”

“कवापासून?” मी विचारले. माझ्या तोंडून किती वर्षांनी तो शब्द तसा निघाला.

“झाले ना बारा-पंधरा वर्षं. तुमाले नाई मालूम?”

मला मालूम नव्हते. इतकी वर्षे तो माझ्याशी ओरडून बोलत होता आणि मी हळू आवाजात उत्तरे देत होतो, आणि तो प्रत्येक उत्तराला हसून मान हलवत होता. माझे एक वाक्यही त्याच्यापर्यंत पोचले नसेल.

तो बशीत चहा ओतत माझ्याकडे पाहून म्हणाला, “काय म्हनत होता बे तू?” आणि तळहात कानामागे धरला.

मी इकडेतिकडे पाहिले. दुकानदार पुड्या बांधत होता. शेजारची बाई सूप हातात धरून आमच्याकडेच पाहत होती. मी आयुष्यात रस्त्यावर आवाज चढवला नव्हता. मैदानावरही मी शिष्याच्या जवळ जाऊन बोलतो. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर घेतली आणि ओरडलो. पहिला शब्द फाटला. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा दुकानदाराने मान वर केली, आणि जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एकही बरोबर आले नाही.

“दिवाकर! उस्तादानं सांगतलं थे मी तुले उलटं सांगतलं! अंदर से म्हंजे जोरानं नाई! काठी अंगाजवळून आनायची होती! एवढंच होतं! मले मालूम होतं!”

त्याचा हात कानामागेच होता. बशी दुसऱ्या हातात तशीच राहिली होती. वहिनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या.

“तू इचारलं होतं मले!” मी ओरडलो. “तू इचारलं, अन् मले मालूम असून मी खोटं सांगतलं! तू जाऊ नये म्हून! चुकी तुही नव्हती, दिवाकर! माही होती! मले माफ कर!”